पडलेलें पांखरूं

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशीं, समुद्राच्या अगदीं कडेला, मच्छीमार नगर नांवाची कोळ्यांची वस्ती आहे. एका अंगाला ओढून ठेवलेल्या होड्या, दुसऱ्या अंगाला पसरलेलीं जाळीं, मधून मधून वाळत घातलेली मासळी, आणि या सर्वांवर सारखीच मालकी सांगणारे कावळे, पारवे, मांजरें व कुत्रे, असा तेथला देखावा असतो. एका संक्रांतीच्या दिवसांत मी तेथें उभा असतां पतंगाच्या मांजानें पंख कापलेला एक पारवा होड्यांपलीकडच्या चिखलांत पडला. भरती येत होती. कोणाचा तरी एक तांबडा कुत्रा, त्याला कोणी 'जा' म्हटलें नव्हतें, चिखल तुडवीत गेला, पारवा तोंडांत धरला, आणि जाळें शिवीत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्यापुढें आणून ठेवला. म्हाताऱ्यानें तो उचलून उलटसुलट पाहिला. पंखावर मांजाची जखम होती. दांताची एकही खूण नव्हती. "याला तोंड हाय, पण हाव नाय," एवढेंच तो म्हणाला आणि पारवा टोपलीखालीं झांकून पुन्हां जाळ्याकडे वळला.

त्या दिवशीं घरीं परततांना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची 'केवढें हें क्रौर्य!' ही कविता मनांत घोळूं लागली. मराठी शाळेंतून गेलेल्या माझ्या वयाच्या माणसाला ती ठाऊक नाहीं असें सहसा होत नाहीं. बाणानें विद्ध झालेली पक्षिणी पडत, उठत, वाट चुकत आपल्या कोटरापर्यंत येते; चोंचींत आणलेला शेवटचा घांस पिलांना भरविते; मनुष्यजातीला गाऊन रमविल्याचें हेंच फळ काय, असें विचारते; आणि आपल्या रक्तानें पिलांचें अंथरूण भिजूं नये म्हणून झाडाखालीं जाऊन प्राण सोडते. आमच्या वर्गांत ही कविता चालली असतां दोनतीन मुलांचे तरी डोळे भरून येत, आणि गुरुजी पुस्तक मिटून क्षणभर खिडकीबाहेर पाहत. पन्नाशी उलटल्यावर ती पुन्हां वाचली तेव्हां ज्या गोष्टी ध्यानांत आल्या त्या त्या वयांत येणें शक्य नव्हतें.

पहिली गोष्ट कलेची आहे. मरणोन्मुख पक्षिणी इतकें सुसंगत आणि इतकें उपरोधिक बोलूं शकेल का, हा प्रश्न रसिकानें विचारूं नये असें कोणी म्हणेल. काव्यांत पक्षी बोलतात हा जुना संकेत आहे. माझा आक्षेप संकेतावर नाहीं. तिच्या तोंडीं घातलेला मनुष्याच्या शौर्यावरील टोमणा हा आईचा वाटत नाहीं, सभेंतील वक्त्याचा वाटतो. त्या ओळींपाशीं पिलें आपल्या नजरेआड होतात. पण शेवटच्या कडव्यांत टिळक गप्प बसतात. वृत्त बदलतें, पृथ्वीची ती अडखळत धांवणारी चाल थांबून वसंततिलका येतें, आणि मातीवर पसरलेले पंख, वर झालेलें पांढुरकें पोट, उघडी राहिलेली चोंच, लांबलेले पाय, एवढेंच कवि दाखवितो. आधींचीं कडवीं रडवितात. हें कडवें पाहावयास लावतें, आणि कवितेची खरी शक्ति मला येथें दिसते.

दुसरी गोष्ट शिकाऱ्याची. तो कोठें आहे? बाण सुटला, लागला, आणि तो सोडणारा कवितेंतून निघून गेला. त्यानें पक्षिणीचा शोध घेतला का? ती सांपडली नाहीं म्हणून तो हळहळला, कीं दुसऱ्या झाडाकडे वळला? भुकेला होता, कीं हौशी होता? बाण लागला यांतच सारें क्रौर्य आहे असें आपण वाचक समजतों. या विद्येंतल्या माणसाला विचारलें तर तो सांगेल कीं, याहून वाईट गोष्ट पुढें आहे, ती म्हणजे लागलेलें पांखरूं हातीं न येणें. जें पांखरूं मेलें तें सुटलें, जें वांचलें तेंही सुटलें. पण जें लागलें आणि हरवलें, तें झुडपांत दोन दिवस मरत राहतें. टिळकांची पक्षिणी ही अशी हरवलेली पक्षिणी आहे. आणि जगांत ज्या प्राण्याचा एक वर्गच्या वर्ग एवढ्या एका गोष्टीसाठीं माणसानें तयार केला, कीं लागलेलें पांखरूं हरवूं नये, तो प्राणी मराठी वाङ्मयांत शोधूनही सांपडत नाहीं. मी पांखरूं उचलून आणणाऱ्या कुत्र्याविषयीं बोलत आहें. इंग्रजींत त्याला रिट्रीव्हर म्हणतात.

होल्यांच्या शिकारींत हा कुत्रा किती लागतो, हें ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां थोडा खुलासा केला पाहिजे. होला, ज्याला पुष्कळ ठिकाणीं कवडा म्हणतात, हा दाणे खाणारा पक्षी आहे. कोरडा दाणा खाणाऱ्याला पाणी लागतें, म्हणून दिवस कलतांना तो पाणवठ्याकडे येतो, आणि बंदूकवाला त्याच वाटेवर बांधाआड उभा राहतो. पक्षी लहान, उडण्याची गति मोठी, आणि पिसांचा रंग वाळलेल्या मातीचा. कापणी झालेल्या ज्वारीच्या धसकटांत तो पडला कीं, ज्या माणसानें तो पाडला त्यालाही तो दहा पावलांवरून दिसत नाहीं. तेथें डोळ्याचें काम संपतें आणि नाकाचें काम सुरू होतें. चांगला कुत्रा बार होईपर्यंत हालत नाहीं; पक्षी कोठें पडला तें ध्यानांत ठेवतो; हुकूम मिळाला कीं वाऱ्याच्या उलट अंगानें जाऊन वास काढतो; आणि पांखरूं असें उचलतो कीं, तें जिवंत असेल तर धन्याच्या हातांत जिवंत पडावें. याला ते लोक 'मऊ तोंड' म्हणतात. कुत्र्याला पकडावयास शिकवावें लागत नाहीं. पकडलेलें न चावतां, न खातां, दुसऱ्याच्या हातीं द्यावयास शिकवावें लागतें. हाव आवरण्याचें एवढें कडक शिक्षण माणसांच्या शाळांतूनही फारसें दिलें जात नसेल.

आणि गंमत अशी कीं, या कुत्र्याचें मूळ घर मैदानांत नसून कोळीवाड्यांत आहे. अटलांटिक महासागरांतील न्यूफाउंडलंड बेटावरच्या मच्छीमारांजवळ एक काळा, आंखूड केसांचा, पाण्याला न भिणारा कुत्रा असे. गळावरून सुटलेला मासा धरून आणणें, पाण्यांत पडलेला दोर तोंडांत घेऊन होडीशीं येणें, हीं त्याचीं कामें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मासळीच्या जहाजांबरोबर तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. माम्सबरीचे अर्ल, बक्लूचे ड्यूक वगैरे उमरावांनीं त्याची जोपासना केली. माशाच्या जागीं तित्तर आणि बदक आले. आणि १९०३ सालीं इंग्लंडच्या केनेल क्लबानें 'लॅब्रडॉर रिट्रीव्हर' या नांवानें त्याची स्वतंत्र जात मान्य केली. आज कफ परेडच्या इमारतींतून सकाळीं नोकरांच्या हातच्या पट्ट्यांना बांधून जे गुबगुबीत लॅब्रडॉर फिरावयास निघतात, त्यांचे पूर्वज रस्त्यापलीकडच्या वस्तीसारख्याच एका वस्तींत राहत होते, याची कल्पना त्यांच्या मालकांना बहुधा नसावी.

आतां आपल्या वाङ्मयाकडे वळूं. शिकारीचा कुत्रा आपल्याकडे मुळींच नाहीं असें नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत एक आहे, आणि मोरोपंतांसारख्या आख्यानकवींमुळें व कीर्तनांमुळें तो घरोघरीं पोंचला आहे. द्रोणाचार्यांची परवानगी घेऊन पांडव मृगयेला निघतात. सामान वाहणारा एक सेवक कुत्र्यासह मागें असतो. कुत्रा भरकटतो, रानांत एकलव्याला पाहून भुंकतो. आणि एकलव्य त्याच्या तोंडांत सात बाण मारून तें बंद करतो. कुत्रा तसाच पांडवांकडे परत येतो. शिकारींतून तोंडांत कांहीं घेऊन धन्याकडे परतणारा एवढा एकच कुत्रा आपल्या परंपरेला ठाऊक आहे, आणि तो पांखरूं आणीत नाहीं, आपल्याला झालेली इजा आणतो. कथेंत त्याचें काम तेवढेंच. बाण पाहून पांडव चकित होतात, अर्जुनाचा मत्सर जागा होतो, द्रोण अंगठा मागतो; पण त्या कुत्र्याच्या तोंडांतून ते सात बाण कोणीं काढले, हें सांगावें असें व्यासांना वाटलें नाहीं, आणि पुढच्या कोणा कवीलाही तें विचारावेंसें वाटलेलें माझ्या वाचनांत नाहीं. त्या कुत्र्याला नांवही नाहीं.

होल्याचें तसें नाहीं. होल्यावर आपल्या कवींनीं मोठी माया केली आहे. शिबि राजाच्या मांडीवर येऊन बसलेला कपोत कोणाला आठवत नाहीं? शांतिपर्वांतील कपोत तर त्याच्याही पुढें जातो: आपल्या मादीला पिंजऱ्यांत कोंडणारा पारधी थंडीनें काकडत झाडाखालीं आला असतां त्याला अतिथि मानून तो स्वतः आगींत उडी घेतो, कीं पाहुण्याला भोजन मिळावें. आणि एकनाथमहाराजांनीं १५७३ सालीं काशींत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतांत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें कपोताची कथा किती रंगवून सांगितली आहे! पिलें जाळ्यांत सांपडतात, त्यांच्या मोहानें आई जाळ्यांत येते, तिच्या मोहानें बाप येतो, आणि पारध्याचें काम एका जाळ्यांत होतें. नाथांच्या हातीं त्या पक्ष्यांचा संसार एखाद्या मराठी घरासारखा होतो. पिलांचें बोबडें बोलणें, त्यांचें पहिलें उडणें, आईबापांचें कौतुक, सर्व कसें ओळखीचें. कथेचा हेतु वैराग्य हा असला तरी वाचतांना वैराग्य येत नाहीं. संसार गोड वाटतो. हा नाथांचा दोष मानावा कीं गुण, याविषयीं मी पुष्कळ वर्षें मनाशीं वाद घातला. आतां मला तो गुणच वाटतो.

पण या तीनही कथा एकीपुढें एक ठेवून पाहा. शिबीच्या कथेंत कपोत खरा कपोत नाहीं, सत्त्व पाहावयास आलेला देव आहे. शांतिपर्वांतील कपोत धर्म शिकवितो. नाथांचा कपोत मोह शिकवितो. पांखरूं जेथें तेथें कशाची तरी शिकवण होऊन येतें. मूठभर वजनाचें, ऊन अंगाचें, मातकट पिसांचें पांखरूं म्हणून एकदांही येत नाहीं. आणि समोरचा माणूस? भागवतांतला पारधी काम साधून घरीं जातो, एवढेंच. त्याच्या घरीं कोण आहे, चूल पेटली आहे कीं नाहीं, हें कोणी पाहत नाहीं. शांतिपर्वांतल्या पारध्याला भूक व थंडी आहे, म्हणून तो माणूस वाटतो. परंतु कथा त्याला तसा राहूं देत नाहीं, त्याच्या हातांतलीं साधनें टाकून द्यावयास लावून रानांत तपाला पाठविते. या सर्व कथांत भुकेची बाजू सरळपणें मांडणारा एकच वक्ता आहे, आणि तो माणूस नव्हे. तो शिबीच्या कथेंतला ससाणा. हा माझा आहार आहे, तूं तो हिरावून घेतलास तर मी मरेन आणि माझ्या मागें माझीं पिलें मरतील, हा कसला धर्म, असें तो राजाला विचारतो. त्याचा मुद्दा राजाला खोडतां येत नाहीं. म्हणून तर राजाला मांस कापून द्यावें लागतें.

शिकारीची नेमकी माहिती आपल्याकडे नव्हती, असें मात्र समजूं नये. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींचीं प्रकरणें आहेत, आणि त्यांत पारव्यांचें वेगळें, कुत्र्यांचें वेगळें, ससाण्यांचें वेगळें, माशांचें वेगळें व मृगयेचें वेगळें आहे. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत निघाला. ग्रंथ संस्कृत आहे, राजाचा आहे, आणि त्याचें नांवच सांगतें त्याप्रमाणें मनाच्या उल्हासाकरितां आहे. ज्ञानेश्वरींत सहाव्या अध्यायांत नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त येतो. नळी फिरते, पोपट उलटा होतो, आणि आपण बांधले गेलों असें समजून तीच नळी अधिक घट्ट धरतो. ज्यानें पारध्याची ती युक्ति जवळून पाहिली नाहीं त्याला हें लिहितां येणार नाहीं. पण दृष्टान्ताचें काम संपतांच ज्ञानदेव आत्म्याकडे वळतात, आणि त्यांनीं वळावें हेंच योग्य. त्यांचा विषय तो आहे.

मग मराठींत शिकारीचा प्रसंग, ज्यांत शिकारी, कुत्रे, सावज आणि पाहणारा असे चारही एका ठिकाणीं नुसते आहेत तसे उभे आहेत, असा कोठें आहे? माझ्या मतें तो मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथांत आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रांत पारध्यांच्या कुत्र्यांनीं पाठलाग केलेला ससा धांवत येऊन श्रीचक्रधरांच्या गुडघ्याखालीं दडतो. मागोमाग कुत्रे येतात, पारधी येतात, ससा मागतात. तो शरण आला आहे म्हणून त्यांना तो मिळत नाहीं. कांहीं बोलणें होतें. ते निघून जातात. ही लीळाही शिकवण सांगण्याकरितांच आहे. परंतु म्हाइंभटांची भाषा इतकी थोडक्यांत बोलणारी आणि इतकी डोळस आहे कीं, शिकवण प्रसंगाला गिळून टाकीत नाहीं. पारधी राक्षस नाहींत. कुत्रे यमाचे दूत नाहींत. ससा कोणाचें सत्त्व पाहावयास आलेला नाहीं. तो ससा आहे, आणि दमला आहे. मराठी गद्यानें तेराव्या शतकांत जी वाट धरली होती तिच्यावर पुढें इतकें गवत कां माजलें, हा प्रश्न मला या लीळेपाशीं नेहमीं पडतो.

याचें एक उत्तर मला असें दिसतें. आमच्याकडे जो शिकार करी तो लिहीत नसे, आणि जो लिही तो शिकार करीत नसे. फांसेपारधी ज्या कौशल्यानें तित्तराच्या वाटेवर फांस मांडतो तें कौशल्य एका पिढीच्या हातांतून दुसरीच्या हातांत गेलें. कागदावर आलें नाहीं. उलट कागदावर त्यांचें नांव आलें तें पोलिसांच्या. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें अशा कितीएक जमातींवर जो शिक्का मारला तो १९५२ सालीं निघाला, निदान कायद्याच्या पुस्तकांतून निघाला. फांसाला कुत्र्याची गरजही नाहीं, हें येथें लक्षांत घ्यावें. फांसांत आलेलें पांखरूं हरवत नाहीं. उचलून आणणारा कुत्रा ही बंदुकीची गरज आहे, आणि बंदूक आमच्याकडे होती ती साहेबाकडे, संस्थानिकाकडे, फार तर एखाद्या इनामदाराकडे. ज्याच्या हातीं बंदूक होती त्याला पडलेल्या पांखराची मोजदाद पुरे होती. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीनें एका दिवसांत ४,२७३ पांखरें मारलीं, हा आंकडा दगडावर कोरलेला आहे. किती लागून हरवलीं, तो आंकडा दगडावर नाहीं.

येथें कोणी वाचक म्हणेल, शिकारीचें वाङ्मय नाहीं हें आमचें भाग्यच. जें पाप कायद्यानें बंद केलें त्याचें वाङ्मय कशाला हवें? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि मुख्यतः त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें हौशी शिकारीचा परवाना बंद झाला, हें चांगलेंच झालें. तो पुन्हां सुरू व्हावा असें मला मुळींच वाटत नाहीं. पण आमची दया न पाहतां आलेली दया आहे, ही माझी तक्रार आहे. 'केवढें हें क्रौर्य!' वर्गांत म्हणून रडलेला मुलगा संध्याकाळीं आईबरोबर बाजारांत जातो, आणि कोळीण पापलेट कापीत असतां तिच्याशीं भावाची घासाघीस चाललेली पाहतो. त्या दोन प्रसंगांमधलें नातें त्याला दाखवून देईल असें एकही पान त्याच्या क्रमिक पुस्तकांत नसतें.

परक्या वाङ्मयांत हें पान आहे, म्हणून त्याचा थोडा उल्लेख करतों. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह स्वतः पक्का शिकारी. त्यानें १८७८ सालीं लिहिलेल्या एका लहानशा गद्यकाव्यांत तो शिकारीहून परत येत आहे. पुढें धांवणारा त्याचा कुत्रा एकाएकीं दबकत चालूं लागतो. पाहतो तों घरट्यांतून पडलेलें चिमणीचें पिलूं. इतक्यांत झाडावरून एक म्हातारी चिमणी दगडासारखी कुत्र्याच्या तोंडापुढें येऊन पडते. कुत्रा थांबतो, मागें सरतो. तुर्गेनेव्ह त्याला बोलावून घेतो आणि निघून जातो. टिळकांच्या कवितेचा विषय हाच: पिलांकरितां प्राण देणारें पांखरूं. पण येथें पांखरूं एक शब्द बोलत नाहीं, शिकारी स्वतः समोर उभा आहे, आणि ज्याच्या मागें सरण्यामुळें त्या चिमणीचें सामर्थ्य आपल्याला कळतें तो कुत्रा आहे. त्रेझोर त्याचें नांव. टॉलस्टॉयच्या 'अॅना कॅरेनिना'मध्यें लेव्हिन भल्या पहाटे दलदलींत पाणलाव्यांच्या शिकारीला निघतो. तेथें कांहीं पानें तर लास्का कुत्रीच्या नाकानेंच लिहिलेलीं आहेत. वास कोठून येतो तें तिला कळलें आहे, धनी मात्र भलतीकडे जावयास सांगतो, आणि धन्याचें चुकतें आहे हें ठाऊक असूनही ती हुकूम पाळते. नोकरी केलेल्या कोणाही वाचकाला ती जागा हंसवील आणि थोडी खुपेलही. जिम कॉर्बेट यांच्या 'मॅन ईटर्स ऑफ कुमाऊं'त रॉबिन नांवाच्या त्यांच्या कुत्र्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. हें पुस्तक १९४४ सालीं आपल्या मुंबईंतच, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें, काढलें. तीन कुत्रे, तीन नांवें.

मुंबईचें नांव निघालें तेव्हां मुंबईच्या मुलाचें सांगितलें पाहिजे. गिरगांवांतील खेतवाडींत मामाच्या घरीं वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाला मामानें हवेची बंदूक आणून दिली. त्यानें एक चिमणी पाडली. हातांत घेऊन पाहिली तों गळ्यावर पिवळा ठिपका. ही खावी कीं खाऊं नये, हा त्याचा पहिला प्रश्न, मामाकडे नेली. मामानें चिठ्ठी देऊन त्याला १९०८ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविलें, आणि त्यांनीं ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचें सांगून त्या मुलापुढें पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. त्यांच्या १९८५ सालच्या आत्मचरित्राचें नांवच त्या चिमणीच्या पडण्यावरून आहे. मला ती गोष्ट लहानपणापासून ऐकून माहीत होती, परंतु तिच्यांतलें खरें पाऊल कोणतें हें मच्छीमार नगरांतल्या त्या कुत्र्यानें दाखविलें. चिमण्या पुष्कळ मुलांनीं पाडल्या असतील. ह्या मुलानें पडलेली चिमणी उचलली, पाहिली, आणि न खातां दुसऱ्याच्या हातीं नेऊन दिली.

सालिम अलींच्या त्या आत्मचरित्रांतला एक प्रसंग मात्र गळ्याखालीं उतरणें कठीण आहे. चेंबूरच्या तबेल्यांत भिंतीच्या भोंकांत अंड्यांवर बसलेली चिमणी आणि बाहेर खुंटीवर बसणारा चिमणा. मुलानें चिमणा पाडला. थोड्या वेळांत दुसरा चिमणा तेथें हजर. सात दिवसांत असे आठ चिमणे त्यानें पाडले आणि दर वेळीं चिमणीला नवा जोडीदार मिळाला, अशी नोंद त्यानें करून ठेवली. पक्षिशास्त्राच्या दृष्टीनें नोंद मोलाची. त्या वयाच्या मुलानें ती करावी हें विलक्षण. टिळकांच्या कवितेशेजारीं ती ठेवून पाहिली म्हणजे दोहोंचेंही अपुरेपण उघडें पडतें. टिळकांजवळ वेदना आहे आणि शिकारी नाहीं. येथें शिकारी आहे, त्याचा हात कांपलेला नाहीं, आणि वेदनेला नोंदवहींत रकाना नाहीं. तरीही एक गोष्ट सालिम अलींच्या बाजूची मान्य केली पाहिजे. त्यांनीं लपविलें नाहीं. म्हातारपणीं जगानें पक्ष्यांचा कैवारी म्हणून डोक्यावर घेतलेल्या माणसाला तीं आठ मृत चिमण्यांचीं पानें गाळतां आलीं असतीं.

ज्या सोसायटीच्या दारांत तो मुलगा गेला ती १८८३ सालीं आठ गृहस्थांनीं काढली, आणि त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी होते. म्हणजे पाहण्याची विद्या आमच्या शिकलेल्या लोकांच्या दारापर्यंत तेव्हांच आली होती. ती मराठी भाषेच्या घरांत शिरावयास आणखी सत्तर वर्षें लागलीं. व्यंकटेश माडगूळकरांनीं तरुणपणीं बंदूक हातीं धरली, पुढें ती ठेवून दुर्बीण घेतली. त्यांच्या रानाविषयींच्या लेखनांत जी नजर आहे ती सावजामागें चाललेल्या माणसाची आहे, म्हणून तिच्यांत खोटा कळवळा येत नाहीं. मारुती चितमपल्लींनीं वनखात्याच्या नोकरींत रानांतल्या माणसांकडून पक्ष्यांचीं नांवें गोळा केलीं. हें आणून देण्याचेंच काम झालें. मात्र या दोघांच्याही लेखनांत पारधी बहुधा बोलतांना भेटतो, लिहितांना नव्हे. तो जेव्हां स्वतः लिहील तेव्हां त्याचें पांखरूं आमच्या कपोतासारखें दिसणार नाहीं, आणि तें आम्हांला आवडेलच असेंही नाहीं.

पारव्याचें काय झालें, हें विचारावयास मी चार दिवसांनीं पुन्हां मच्छीमार नगरांत गेलों. म्हातारा तेथेंच होता, जाळेंही तेंच होतें. पंख जुळला नव्हता. नातू दाणे घालीत होता, आणि टोपली आतां रात्रींपुरतीच झांकावी लागे. तांबडा कुत्रा एका होडीच्या सावलींत झोंपला होता. मीं त्याचें नांव विचारलें. त्याला नांव नव्हतें. ज्या होडींत तो निजतो तिच्या नांवानेंच त्याला हांक मारतात, असें म्हाताऱ्यानें सांगितलें.